जुन्या ब्रिटिश शिलिंगवरची चुकलेली अक्षरं कशी ओळखावीत

कोल्हापूरच्या छापखान्यात मी २२ वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची उलटी अक्षरं, जुळवले. उलटं अक्षर वाचायची ती सवय लेकीकडे लंडनला आल्यावर जुन्या चांदीच्या शिलिंगवर कामी आली. तिथले कारागीरही पोलादी ठशात एकेक अक्षर उलटंच ठोकत. ठोकताना चूक झाली, की त्या ठशातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तीच चूक.

आधी बरोबर मजकूर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या नाण्यावर त्याचं लॅटिन नाव गुलिएल्मुस (GVLIELMVS) असं येतं. त्यात 'यू'च्या जागी 'व्ही' असतो, ती चूक नव्हे, तेव्हाची रीत. राजा तिसरा जॉर्ज याच्या १८१६पासूनच्या शिलिंगवर 'ब्रिट'ला (ब्रिटनच्या लॅटिन नावाचा संक्षेप) दोन 'टी' दिसतात, तेही बरोबरच: लॅटिन संक्षेपात शेवटचं अक्षर दोनदा आलं की अनेकवचन.

दिवा नाण्याच्या कडेला आडवा ठेवा, दहापट भिंग घ्या आणि प्रूफ तपासताना आम्ही करायचो तसं शेवटाकडून उलटं, अक्षर-अक्षर वाचा. शब्द वाचलात की फसलात. राहिलेलं अक्षर मन आपणच भरून टाकतं. आणि नाणं निरांजनासारखं रांगोळीनं घासू नका, कृपा करून!

१६९६चे शिलिंग आधी हाती घ्या. त्या वर्षी हातोड्यानं पाडलेली जुनी, कडा कातरलेली नाणी परत घेऊन नवी पाडायचं प्रचंड काम निघालं. लंडनची टाकसाळ पुरेना म्हणून ब्रिस्टल, चेस्टर, एक्सेटर, नॉर्विच आणि यॉर्कलाही टाकसाळी उघडल्या. त्या वर्षीच्या काही शिलिंगवर राजाच्या नावातला दुसरा 'एल'च गायब आहे, काहींवर 'माग'चं ('ग्रेट' अर्थाच्या लॅटिन शब्दाचा संक्षेप) 'माब' झालंय, तर काहींवर सालच १६६९ पडलंय. विल्यमच्या काही नाण्यांवर 'व्ही' म्हणून 'ए' उलटा ठोकलेला सापडतो. 'व्ही'च्या पोटात बारीक आडवी रेघ दिसते का, ते बघा.

१८१७च्या शिलिंगवर 'जॉर्ज'च्या संक्षेपातलं चौथं अक्षर तपासा. तिथं 'आर' हवा. काही नाण्यांवर 'ई' आहे. त्याच सालच्या काही शिलिंगवर 'ब्रिट'चा 'बी' मात्र 'आर'सारखा दिसतो. तो ठशातला दोष, चुकीचं अक्षर नव्हे.

झीज आणि चूक यांतला फरक ओळखायला मला जागेचा हिशेब उपयोगी पडतो. अक्षर झिजलं तरी त्याची जागा रिकामी राहते. ठोकायचंच राहिलं असेल तर पुढचं अक्षर बहुधा सरकून जवळ येतं. एका विक्रेत्यानं मला 'एल' नसलेला म्हणून १६९६चा शिलिंग दिला होता. कागदाच्या पट्टीवर 'ई' ते 'एम' अंतर खुणा करून घेतलं आणि त्याच वर्षीच्या साध्या शिलिंगवर पट्टी ठेवली. खुणा तंतोतंत जुळल्या. दिवा आणखी आडवा केल्यावर 'एल'ची उभी रेघही पुसट दिसली. नाणं मी दुसऱ्याच दिवशी परत केलं.