पिवळा नर, निळी मादी: अनोळखी आफ्रिकन सिक्लिड ओळखताना

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची बदली झाली आणि त्यांचा तीन फुटी टँक सात माशांसकट माझ्याकडे आला. दुकानदाराने त्यांना एवढंच सांगितलं होतं, ‘मिक्स आफ्रिकन’, म्हणजे सिक्लिड या कुळातल्या आफ्रिकन माशांच्या मिसळलेल्या जाती. माझ्याकडे एवढ्यांना जागा नव्हती. पण ज्याचं नावच ठाऊक नाही, तो मासा कुणाच्या टँकमध्ये सोडायला सांगणार?

पहिला आठवडा मी फक्त पाहत बसले. तुम्हीही तेच करा. काचेला बाहेरून मोजपट्टी चिकटवा आणि मासा तिच्यासमोर आडवा आला की फोटो काढा. आधी नाक बघा. सिक्लिडला प्रत्येक बाजूला एकच नाकपुडी असते, बहुतेक माशांना दोन. मग तोंड. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या म्बुनांची (दगडांत राहणाऱ्या सिक्लिडची) ठेवण बुटकी आणि तोंड लहान असतं, ते दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. शिकारी जातींचं तोंड मोठं, अंग लांबट. माझ्याकडे जिराफासारखे ठिपके असलेला एक होता, निम्बोक्रोमिस व्हेनुस्टस. तेव्हा पाच इंच होता, पण हा दहा इंचांपर्यंत वाढतो. त्याला सहा फुटी टँकवाल्याकडेच पाठवलं.

रंग मात्र सगळ्यात शेवटी बघा, कारण रंगच फसवतो. एक पिवळा आणि तीन निळे, काळसर उभ्या पट्ट्यांचे, या मला दोन जाती वाटल्या. पिवळ्याला मी ‘इलेक्ट्रिक यलो’ (सिक्लिडची एक पिवळी जात) म्हणून देऊनही टाकणार होते. फोटो मोठा करून पाहिला तर पाठीच्या परावर काळी रेघच नाही, आणि इलेक्ट्रिक यलोला ती असते. उलट अंगावर पुसट पट्टे, शेपटीजवळच्या खालच्या परावर गोल ठिपके. तो केन्यी या जातीचा नर निघाला, मेलँडिया लोम्बार्डोई, आणि त्या तीन निळ्या त्याच्या माद्या! पिल्लं सगळी निळीच असतात, नर मोठेपणी पिवळा होतो. इलेक्ट्रिक यलो त्या मानाने शांत असतो, केन्यीचा नर भयंकर आक्रमक. तो शांत टँकमध्ये गेला असता तर तिथल्या माशांचे हाल झाले असते. ऑरॅटस या दुसऱ्या जातीत नेमकं उलट आहे: मादी पिवळी, नर काळपट.

उरलेल्या दोघांचं नाव काही केल्या जुळेना. दुकानाच्या टँकमध्ये वेगवेगळ्या जाती एकत्र कोंबल्या की संकर होऊ शकतो. अशांना ओढूनताणून नाव देऊ नका. ‘संकर असावा, पिल्लं काढू नका’ असं घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. मी सांगितलं, तरी एका मुलाने आनंदाने नेले.

घर मिळेना म्हणून तलावात, नदीत सोडणं हा पर्याय नाहीच. उजनीत जिला चिलापी म्हणतात ती तिलापियाही आफ्रिकन सिक्लिडच. बाहेरून आणलेला मासा एकदा पाण्यात गेला की परत काढता येत नाही.

पकडताना आधी सगळे दगड बाहेर काढा, नाहीतर तासभर पळापळ होते. पाठीवरचे काटे जाळीत अडकतात, म्हणून शेवटी प्लॅस्टिकच्या बरणीत वळवून घ्या. प्रवासाच्या आदल्या दिवसापासून खाणं बंद. प्रत्येकाला वेगळी दुहेरी पिशवी, एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि सगळ्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात. नव्या घरच्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल वा अल्क आहे त्याचं माप) आधी विचारा. मलावीच्या माशांना साधारण ७.८ ते ८.६ लागतो आणि आपल्याकडचं धरणाचं पाणी बऱ्याचदा मृदू असतं. शिंपल्यांचा चुरा फिल्टरमध्ये ठेवला की पीएच वाढतो. पोचल्यावर हवेच्या नळीने थेंबथेंब पाणी घालत माशाला रुळायला तासभर द्या.

केन्यीचा नर आणि दोन माद्या दगडांनी भरलेल्या चार फुटी टँकमध्ये गेल्या. तिसरी अजून माझ्याकडे आहे. निघायच्या दिवशीच तिचा गळा फुगलेला दिसला आणि ती खायलाही येईना, म्हणजे तोंडात अंडी; केन्यीची मादी अंडी तोंडातच उबवते. आता हलवलं तर ती थुंकून टाकेल, म्हणून तीन आठवडे तिला एकटीला ठेवलंय. पिल्लांचा बाप केन्यीच असेल, असं या मिश्र टँकमध्ये सांगता येणार नाही. त्यामुळे ती पिल्लं केन्यी म्हणून मी कुणालाही देणार नाही.