आवडतं गाणं नेमकं का आवडतं, ते शोधायची रीत

फोन बाजूला ठेवा आणि आठवतील तशी दहा गाणी कागदावर लिहा. चारचौघांत सांगायला बरी दिसतात म्हणून नाट्यपदं घालू नका, खरोखर आवडत असतील तरच घाला. प्रत्येकापुढे ते मनात बसलं तेव्हाचं वय, जागा आणि सोबत कोण होतं, तेही लिहा. चाळिशी ओलांडलेल्यांच्या यादीत बरीचशी वयं १० ते ३० मधली निघतात, कारण त्या वर्षांच्या आठवणी सर्वांत जास्त टिकतात. गाणं आवडतं की ते दिवस, हे कळायला त्याच संगीतकाराचं कधीच न ऐकलेलं गाणं लावा. तेही भिडलं, तर ओढ चालीची आहे.

पुढे ठेका. मांडीवर हात मारत मात्रा, म्हणजे तालातले ठोके, मोजा. सहा मात्रांत फेरा पुरा झाला तर बहुधा दादरा ताल, आठांत झाला तर केरवा. लोकलमधल्या भजनी मंडळाचा ठेकाही आठ मात्रांचाच. दहांपैकी सहा-सात गाणी एकाच ठेक्यात निघाली, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. हे फोनच्या स्पीकरवर करू नका, ढोलकीच्या डाव्या हाताचा घुमारा त्यात ऐकूच येत नाही. हेडफोन हवा, आणि गर्दीची लोकल नको.

सर्वांत महत्त्वाचा भाग शहाऱ्याचा. अंगावर काटा येतो तो क्षण मिनिट-सेकंदासह टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी गाणं थेट त्याच सेकंदापासून लावा. काटा बहुतेकदा येत नाही. मग २०-३० सेकंद मागून लावा: अंतरा संपत येतो, तिहाई पडते (एकच तुकडा लागोपाठ तीनदा वाजतो), आवाज मुखड्याच्या शब्दावर उतरतो, आणि काटा परत येतो. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की आवडत्या संगीतात डोपामिन, म्हणजे मेंदूतलं आनंदाशी जोडलेलं रसायन, त्या क्षणी तर सुटतंच, पण आधीच्या वाट पाहण्यातही सुटतं. म्हणून तुम्हाला आवडते ती जागा एकटी नसते, तिच्याकडे नेणारी वाटही तितकीच आवडत असते. तीच टिपायची.

शब्दांचा वाटा कळायला कराओके ट्रॅक (गायकाशिवायची नुसती चाल) पुरे. शब्दांवाचून गाणं पोकळ वाटलं, तर जीव कवितेवर होता.

विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजोवर नाचवलेलं गाणं घरी, एकट्याने, हळू आवाजात ऐका. फिकं पडलं तर आवड गर्दीची, लालबागच्या त्या रस्त्याची होती. तीही खरीच आवड, फक्त वेगळ्या रकान्यात लिहा.

एक चकवा राहतो. १९६८ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी आवडू लागते. रिक्षात, लग्नात, रील्समध्ये सतत कानांवर पडलेलं गाणं पंधरा दिवस मुद्दाम टाळा. नंतर लावल्यावर दुसऱ्या कडव्याआधीच बदलावंसं वाटलं, तर ती सवय होती.

दिवसाला दोनच गाणी घ्या. तिसऱ्यापर्यंत कान थकतो, आणि थकल्या कानाला शहाऱ्याची जागा सापडत नाही.