नाईटचा आठवडा घरात कसा बसवायचा

हॉस्पिटलमधल्या सिस्टरच्या, म्हणजे नर्सच्या, घराची घडी मॉर्निंग-इव्हनिंग ड्युटीला फारशी विस्कटत नाही, विस्कटते ती नाईटला. बाई दिवसा घरात दिसते, म्हणजे ती मोकळीच, असं सगळे धरून चालतात. गॅसवाला, कुरिअर, सासूबाईंची बीपीची गोळी, सगळं तिच्याच गळ्यात पडतं.

म्हणून ड्युटी लिस्ट लागली की ती फ्रिजवर चिकटवा आणि शेजारी झोपेच्या वेळाही लिहा. रात्री ८ ते सकाळी ८ नाईट असेल तर साधारण ९.३० ते २ सलग झोप आणि संध्याकाळी ५ ते ६.३० दुसरी डुलकी. मधला वेळ मुलांचा. रात्रीच्या पोळ्या त्या आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी करायच्या. हे आधीच ठरलं नाही तर पहिला बळी ५ च्या झोपेचा जातो.

झोप मोडते ती बारीकसारीक गोष्टींनी. पडदा जाड असला तरी उजेड कडेने येतो. कडा कपड्यांच्या चिमट्यांनी भिंतीकडच्या दांडीला आवळा. बेल बंद ठेवा. शाळेच्या डायरीत पहिला नंबर आईचा असतो. तो आठवडाभर बाबांचा किंवा आजीचा द्या. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, पण दाराच्या कडीला लाल ओढणी बांधली की आई झोपली आहे, हे दोन दिवसांत कळतं. आणि 'मी घरीच आहे' म्हणून पाळणाघर बंद करू नका. पैसे वाचतात, झोप जाते.

शेवटचा चहा रात्री २ च्या आत. पहाटे ३ ते ५ डोळे सर्वांत जड होतात. दिवसाची झोप बुडालेली असेल तर तेव्हाच इन्सुलिनचा डोस चुकतो. दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय देऊ नका. सकाळी पेंग येत असेल तर स्कूटर तिथेच ठेवून रिक्षाने या.

नाईटचा आठवडा संपल्याच्या सकाळी मात्र तीनच तास झोपा, नाहीतर रात्रभर टक्क जागे राहाल. नाईट ऑफ, म्हणजे नाईटनंतर मिळणारा मोकळा दिवस, ही सुट्टी नव्हे. त्या दिवशी लग्न, बँक, पाहुणे काही लावू नका.

मॉर्निंग २ ला संपत असली तरी ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवून, निघेपर्यंत पाऊण तास जातो. घरी '३ नंतर' असंच सांगा.

ड्युटी बदलायची तर रजिस्टरमध्ये दोघींच्या सह्या आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची सही हवीच. तोंडी बदलीत समोरची आली नाही तर गैरहजेरी तुमच्या नावावर लागते.

५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या हॉस्पिटलला कायद्याने पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. राज्य सरकारी सेवेत असाल तर मूल १८ वर्षांचं होईपर्यंत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. दहावी-बारावीसाठी ती हवी असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या. फेब्रुवारीत त्याच वॉर्डातल्या आणखी दोघींना ती हवी असते.