तळवे जाड असतील, तर मुलाचे तोंडही तपासा : पॅपिलाँ-लेफेव्र सिंड्रोमचे निदान

एक ते चार वर्षांच्या मुलाचे तळहात-तळपाय लाल, जाड आणि भेगाळलेले दिसले, की इसब किंवा सोरायसिस समजून मलम दिले जाते; पुढे दात हलू लागले, की त्याला दंतवैद्याकडे नेले जाते, आणि दोन्ही तक्रारींची सांगड कोणीच घालत नाही. पॅपिलाँ-लेफेव्र सिंड्रोम या १९२४ मध्ये प्रथम वर्णिलेल्या दुर्मीळ आनुवंशिक विकाराचे निदान बहुधा इथेच अडते.

त्वचा भरपूर उजेडात पाहावी. जाडी तळव्यांच्या कडांवरून टाचेच्या मागे चढली आहे का, गुडघ्यांवर व कोपरांवर खरखरीत चट्टे आहेत का, हे नोंदवावे. बुरशीची शंका असल्यास त्वचा खरवडून तपासावी. बायॉप्सीने मात्र या विकारावर शिक्कामोर्तब होत नाही.

यानंतर तोंड तपासावे, कारण खरा धागा तिथेच सापडतो. दुधाचे दात वेळेवर येतात, पण हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते आणि चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक दात पडून जातात. आईने पडलेला दात जपून ठेवला असेल, तर तो आवर्जून मागून घ्यावा: नेहमीच्या क्रमाने पडलेल्या दुधाच्या दाताचे मूळ झिजून गेलेले असते, इथे ते जवळजवळ अखंड असते. हायपोफॉस्फेटेशिया या हाडे-दात कमकुवत करणाऱ्या आनुवंशिक विकारातही असेच घडते. मात्र त्यात त्वचा निरोगी असते आणि रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) कमी असते, म्हणून ती तपासणी चुकवू नये. दात पडल्यावर हिरड्या पूर्ववत होतात. त्या काळात मूल बरे झाले, असे मानू नये, कारण कायमचे दात आल्यावर तेच चक्र पुन्हा सुरू होते. ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबडा एकाच चित्रात दाखवणाऱ्या एक्स-रेमध्ये, दातांभोवतीचे हाड किती झिजले आहे, ते कळते.

वारंवार होणारी गळवे आणि दीर्घकाळचा ताप यांचीही चौकशी करावी, कारण काही रुग्णांना यकृतात गळू होते.

आईवडील सहसा निरोगी असतात, कारण सदोष जनुक दोघांकडूनही आले, तरच हा विकार होतो; नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्ने होतात. तेव्हा नात्याविषयी दोष न देता विचारावे आणि तीन पिढ्यांची वंशावळ काढावी. शेवटची खात्री अकराव्या गुणसूत्रावरील सीटीएससी (CTSC) या जनुकाच्या तपासणीने होते; याच जनुकातील दोषामुळे हा विकार होतो. दोष सापडल्यास प्रत्येक पुढच्या अपत्याला हा विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून धाकट्या भावंडाचे तळवे आणि हिरड्या त्याच भेटीत पाहाव्यात.