प्लॅन २०० चा, स्पीड ९५ वर अडकलाय?
घोडबंदर रोडला राहणाऱ्या शेजाऱ्यांसाठी खास. स्पीड टेस्ट ९०-९५ एमबीपीएसच्या पुढे सरकतच नसेल, तर नवा राउटर घेण्याआधी मोडेम आणि राउटरमधली लॅन केबल तपासा. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला, तिच्यातल्या आठही तारा लागतात; एखादी तुटली की जोडणी बहुधा १०० वर उतरते आणि नेट चालूच राहतं, म्हणून संशय येत नाही.

१. तीच केबल राउटर आणि लॅपटॉपमध्ये लावा.
२. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड पाहा.
३. १००/१०० दिसलं तर कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल लावून पुन्हा पाहा. १०००/१००० आलं की जुनी केबल बाद.

बिल्डरने भिंतीतून टाकलेली केबल असेल तर आधी फक्त टोकाचे कनेक्टर बदलून घ्या.

मात्र काही स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे असतात. तिथे केबल बदलून फरक पडणार नाही.