दोन मालकांची नोकरी : इंदूरच्या बजेट हॉटेलांतील चार वर्षे

बी.कॉम. झाल्यावर २०२१च्या डिसेंबरात मी सरवटे बसस्थानकाजवळच्या एका बजेट हॉटेलात फ्रंट ऑफिस असिस्टंट म्हणून रुजू झाले, तेव्हा रामबागेतल्या आमच्या घरी ‘हॉटेलात नोकरी’ हे शब्द उच्चारताना आईचा आवाज आपोआप खाली येत असे. हॉटेल चोवीस खोल्यांचे, पाटी देशभर पसरलेल्या एका साखळीची, इमारत मात्र स्थानिक मालकाची. या शेवटच्या गोष्टीचा अर्थ मला पहिले सहा महिने नीट उमगला नव्हता. तो आधी कळला असता तर बराच मनस्ताप वाचला असता, म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी सुरुवात तेथूनच करते.

बजेट हॉटेलांच्या साखळ्या ढोबळमानाने दोन तऱ्हांनी चालतात. टाटा समूहातील ‘जिंजर’, जिचे पहिले हॉटेल २००४ मध्ये बेंगळुरूत ‘इंडिवन’ या नावाने उघडले, तिच्यासारख्या साखळीत हॉटेल चालवण्याची जबाबदारी प्रामुख्याने कंपनीच उचलते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘ओयो’ने जी पद्धत गावोगावी नेली, तीत इमारत आणि बहुतांश कर्मचारी मालकाचे असतात, तर नाव, ॲप आणि दर ठरवणारी यंत्रणा कंपनीची असते. दुसऱ्या तऱ्हेच्या हॉटेलात काउंटरवरच्या माणसाला दोन मालक असतात. म्हणून मुलाखतीत पगाराच्याही आधी विचारावे की नियुक्तिपत्र कोणाच्या नावाने मिळणार. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो. आमच्या मालकाकडे आम्ही तेरा जण होतो, त्यामुळे पाटीवर एवढे मोठे नाव असूनही माझ्या पहिल्या दीड वर्षाच्या नोकरीचा पीएफ शून्य आहे.

दोन मालकांमध्ये सापडणे म्हणजे काय, हे मला एका रविवारच्या परीक्षेच्या आदल्या रात्री कळले. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे कार्यालय इंदुरातच आहे आणि शहरात परीक्षा केंद्रेही पुष्कळ, त्यामुळे अशा शनिवारी खोली मिळणे कठीण असते. शेवटची खोली ॲपवर पैसे भरून आरक्षित झालेली होती. संध्याकाळी मालकांनी तीच आरक्षण न करता थेट आलेल्या एका ओळखीच्या गेस्टला रोखीने दिली आणि सिस्टीममध्ये नोंद करायचे राहून गेले. रात्री साडेअकराला खरगोनहून एक मुलगी आपल्या वृद्ध आजीसह आली, सकाळी तिचा पेपर होता, आणि मोबाइलवरचे कन्फर्मेशन ती मला पुन्हा पुन्हा दाखवत होती. दोन ठिकाणी फोन करून मी त्यांना छोटी ग्वालटोलीतल्या एका हॉटेलात ‘शिफ्ट’ केले आणि रिक्षाचे पैसे माझ्या खिशातून दिले. कंपनीने मालकांना दंड लावला, मालकांनी तो माझ्या पगारातून कापला. मी महिनाभर भांडले, निम्मे पैसे परत मिळाले. तेव्हापासून मालकांचा तोंडी निरोप आला की मी तो तत्काळ व्हॉट्सॲपवर लिहून त्यांच्याकडून ‘ठीक है’ मिळवते. नव्यांनी ही सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी.

काउंटरच्या नोकरीसाठी आलात तरी पहिला महिना हाउसकीपिंगमध्ये मागून घ्या. माझ्याकडून तो सक्तीने करवून घेतला गेला आणि मी रडकुंडीला आले होते. एका जणाकडे रोज बारा ते चौदा खोल्या, चेक-आउट झालेल्या खोलीला साधारण अर्धा तास. आमच्या सुपरवायझर काकू मूळच्या बुऱ्हाणपूरच्या, माझ्याशी मराठीतच बोलत. मी चादरीचे कोपरे घडी घालून घट्ट खोचत बसले असता त्या म्हणाल्या, “अगं, गेस्ट चादर नंतर बघतो, आधी बाथरूममधला केस बघतो.” मग त्यांनी दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरला, आणि मला स्वच्छ वाटलेल्या फरशीवर तीन केस लख्ख उठून दिसले. बाराशे रुपयांच्या खोलीत गेस्टला ऐषाराम नको असतो, पण आदल्या माणसाची खूण तो सहन करीत नाही; आमच्या वाईट रेटिंगपैकी निम्म्याहून अधिक रेटिंग त्या एका केसाचेच असायचे.

इंदूरचे म्हणून एक वेगळे वेळापत्रक आहे, जे कंपनीच्या प्रशिक्षणात कोणी शिकवत नाही. उज्जैन येथून सुमारे ५५ किलोमीटर. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या महाकालेश्वर मंदिराचा ‘महाकाल लोक’ हा नवा परिसर खुला झाल्यापासून यात्रेकरूंची संख्या इतकी वाढली की आमच्या निम्म्या खोल्या त्यांच्याच असत. मंदिरात पहाटे चारच्या सुमारास होणाऱ्या भस्म आरतीसाठी ही मंडळी रात्री बारा-एकला निघतात. त्याच वेळी दुसरी मंडळी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन परत येत असतात, म्हणजे मुख्य दार मिटतच नाही. आरतीचे यात्रेकरू सकाळी नऊला परततात, अंथरुणाला पाठ टेकतात आणि अकराला चेक-आउटचा फोन गेला की चिडतात. त्यांचे चुकत नाही, कारण भाडे भरलेल्या खोलीत ते जेमतेम दोन तास झोपलेले असतात. मी चेक-इनच्याच वेळी ‘दर्शनाला जाणार का?’ असे विचारू लागले आणि जाणार असतील त्यांच्या खोल्या साफसफाईच्या यादीत शेवटी टाकू लागले. एक वाजेपर्यंतची सवड अशी फुकट निघते. उज्जैनच्या २०२८च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तोंडावर या भागात नोकरी धरणाऱ्याने हा प्रश्न पाठच करून ठेवावा.

महाराजा यशवंतराव रुग्णालयात दाखल असलेल्यांचे नातेवाईक हा आमचा दुसरा मोठा वर्ग. ते एकेक दिवस वाढवत राहतात, आणि जळगाव-बुऱ्हाणपूरकडचे असले की माझे मराठी ऐकून काउंटरवरच बसून घेतात. त्यांच्याशी भाड्याविषयी बोलण्याची योग्य वेळ मला अजूनही नेमकी साधत नाही.

कागदपत्रांत मात्र कुचराई चालत नाही. प्रत्येक प्रौढ गेस्टचे ओळखपत्र नोंदवायचे, आणि परदेशी गेस्ट आला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची. जीएसटीवरून वाद ठरलेला: दिवसाला १,००० रुपयांपर्यंतच्या खोलीला पूर्वी करमाफी होती, ती १८ जुलै २०२२पासून गेली आणि १२ टक्के लागू झाले, २२ सप्टेंबर २०२५पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांना ५ टक्के झाले. जुन्या गेस्टला या तारखा तोंडपाठ सांगता आल्या तर आवाज चढत नाही.

माझा पहिला पगार हातात ११,००० होता. आज मी दुसऱ्या एका साखळीत, कंपनीच्याच पगारपत्रकावर, ड्यूटी मॅनेजर आहे. चोवीस खोल्यांच्या हॉटेलात बुकिंगपासून नाइट ऑडिटपर्यंत, म्हणजे रात्री दिवसभराचा हिशोब जुळवण्यापर्यंत, सगळे एकाच माणसाच्या अंगावर येते म्हणूनच हे चार वर्षांत जमले. सण मात्र गेले. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, मी चार वर्षे फक्त गेस्टच्या रंगलेल्या टॉवेलांवरून ओळखली.

मुलाखतीला गेलात की हॉटेल बघायची परवानगी मागा आणि लिनेनचे कपाट उघडून घ्या. प्रत्येक पलंगामागे तीन संच लागतात: एक अंथरलेला, एक धुलाईत, एक कपाटात. शनिवारी सकाळी अकराला कपाट रिकामे दिसले, तर त्या दुपारी ओल्या चादरीसाठी गेस्टची बोलणी खायला काउंटरवर तुम्हीच उभे असणार.