'कॉरस्केट': तळपणारे इंग्रजी क्रियापद कसे वापरावे

आधी उच्चार पक्का करा: कॉ-रस्-केट, आघात 'कॉ'वर. स्पेलिंग सी, ओ, आर, यू, एस, सी, ए, टी, ई. 'आर' एकच, आणि 'एस'नंतरचा 'सी' विसरायचा नाही.

आता अर्थ. शब्दकोशात 'चमकणे' एवढेच वाचून थांबू नका. मूळ लॅटिन क्रियापद 'कोरुस्कारे'. वीज लखलखते तेव्हा ते वापरत, आणि योद्धा भाला उगारून हलवतो तेव्हाही तेच. म्हणजे या चमकण्यात हालचाल आहे. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, 'तळपणे'. तलवार तळपते, विजेसारखी बुद्धी तळपते, शतक ठोकले की बॅटही तळपते. मला हे जुळलेले दिसले त्या दिवसापासून हा शब्द मी कधी विसरलो नाही.

म्हणून वापरण्यापूर्वी स्वतःला विचारा, हा उजेड स्थिर आहे का? देवापुढची समई शांत तेवते, तिला 'कॉरस्केट' लावू नका. चांदणी लुकलुकते, तिथे 'ट्विंकल' पुरे. पण झुंबराचे लोलक वाऱ्याने हलले आणि भिंतभर प्रकाशाचे तुकडे धावले, तर तिथे हा शब्द शोभतो. क्रियापद अकर्मक आहे: वस्तू स्वतः कॉरस्केट होते, तिला कोणी कॉरस्केट करत नाही.

प्रत्यक्षात मात्र तुम्हाला बहुतेकदा 'कॉरस्केटिंग' हे विशेषण भेटेल, तेही माणसाच्या हजरजबाबीपणासाठी: 'कॉरस्केटिंग विट'. एकामागून एक तल्लख वाक्ये सुचणाऱ्या वक्त्याला ते जरूर लावा.

इथेच सर्वात मोठा खड्डा आहे. ब्रिटिश वर्तमानपत्रांत 'कॉरस्केटिंग' टीका, 'कॉरस्केटिंग' हल्ला असेही छापून येते. तिथे म्हणायचे असते 'एक्स्कोरिएटिंग'. त्या शब्दाच्या पोटात लॅटिन 'कोरियम' म्हणजे कातडी आहे, आणि त्याचा अर्थ आपल्या 'सालटी काढणे'ला तंतोतंत जुळतो. नाद जवळचा असल्याने घोळ होतो. काही शब्दकोशांनी हा नवा अर्थ नोंदवला असला, तरी मी तो वापरत नाही. टीका तल्लख होती की जहरी, हे वाचकाला कळतच नाही.

सरावासाठी पाच वाक्ये आधी मराठीत लिहा. ज्यात 'तळपणे' सहज आले, तेवढीच इंग्रजीत न्या. उरलेल्यांना 'स्पार्कल' किंवा 'ग्लिटर' चालेल.